तुंबाभर समुद्र

९ नोव्हेंबर

न्वागाकाका आज गेले. तूगानला निघालेल्या कापसाच्या ट्रकवर, गाठींच्याही वर, शिवणयंत्र मांडीत घेऊन. मुलाकडे, आयव्हरी कोस्टला. "गुडघे आता पायडल मारत नाहीत. पोराच्या कोकोच्या मळ्यात सावली तरी आहे," म्हणाले. इथली तरणी माणसं निम्मी तिकडेच असतात. पण म्हातारे तिकडून परत येतात, जात नाहीत. म्हणून सगळं गाव रस्त्यावर आलं होतं.

ट्रक हलला तशी त्यांनी वरून माझ्याकडे टोपी फेकली. तीच, गवताची, कडा उसवलेली. प्रत्येक मयताला ते ती उलटी घालून यायचे.

"आता गावात मोसी म्हणून तूच उरलीस, तालातो!"

"काका, मला नाही हो येत ते!"

"त्यात काय यायचंय? लाज घरी ठेवायची आणि तोंड घेऊन जायचं."

सामो आणि मोसी, दोन जमातींचं हे जुनं थट्टेचं नातं. सामो मेला की मोसीने जाऊन हसवायचं, मोसी मेला की सामोने. मेलेल्याचे कपडे घालून त्याची नक्कल करायची, खड्डा अडवून बसायचं, खंडणी मिळेपर्यंत माती पडू द्यायची नाही. आमच्या वाहिगुयाला हे करणारे पुष्कळ होते, मी आपली मागे उभी राहून हसायचे. इथे सगळं गाव सामोंचं आणि मोसी एकटी मी. चाळिशी उलटलेली, शाळेतली बाई. माझा आवाज वर्गाबाहेर कुणी ऐकलेला नाही.

टोपी घेऊन घरी येताना शेजारच्या एडविजने कुंपणावरून पाहिलं. चुलाणावर तिची दोलोची, ज्वारीच्या दारूची, तिन्ही मडकी उकळत होती.

"ए गुलाम! तुम्ही मोसी म्हणे घोड्यांवरून आलात. मग टोपी गाढवाने चावलेली कशी?"

"तुझ्या मडक्यात ज्वारी आहे की कुत्र्याचं डोकं, ते आधी सांग."

मोसी आणि सामो एकमेकांना गुलाम म्हणतात, सामोंना वर कुत्रेखाऊ. ही आमची विचारपूस. मी या घरात राहायला आले तेव्हापासून एकही दिवस चुकलेली नाही.

१६ नोव्हेंबर

तोंड दाखवायला जागा नाही.

ड्राबो आजोबांचे थोरले भाऊ वारले. आजोबा गावचे प्रमुख, तरी निरोप घेऊन स्वतः आले. मी टोपी उलटी घातली, मेलेल्याचा शिकारीचा खाकी डगला चढवला आणि अंगणात गेले. मला पाहून बायकांनी रडणं थांबवलं. सगळे वाट बघायला लागले. मेलेल्याच्या म्हाताऱ्या बायकोने तर हसायला तयार होऊन मान पुढे काढली.

काहीतरी करायचं म्हणून मी डगल्याच्या खिशात हात घातला. कोलाचं अर्धं खाल्लेलं बी, सुपारीसारखं चघळतात ते, हाताला लागलं. त्यावर दातांच्या खुणा होत्या.

मला रडू फुटलं. थांबताच येईना.

त्यांचा थोरला मुलगा जवळ आला. ओरडला नाही, तेच वाईट. "बाई, रडायला आम्ही आहोत की. तुम्हाला त्यासाठी नव्हतं बोलावलं."

कुणी खड्डा अडवला नाही. माती पडली. परतताना ड्राबो आजोबा एवढंच म्हणाले, "भाऊ आज परक्यासारखा गेला."

१७ नोव्हेंबर

एडविज सकाळीच आली. बसली नाही.

"बर्नाबेच्या वेळी मी रडले होते?"

माझा नवरा गेला तेव्हा ती त्याची पॅन्ट घालून आमच्या अंगणात आली होती. त्याची मोपेड ओढून आणली आणि किक मारत राहिली. मारली, मारली, मग खाली उतरून मोपेडची हात जोडून माफी मागितली. अगदी तो मागायचा तशी. तो गेल्यापासून माझ्या पोटात अन्न नव्हतं. मी हसले. हसता हसता मला भूक लागली.

"तेव्हा मला रडू येत नव्हतं असं वाटलं तुला? माझ्या दोलोचं पहिलं गिऱ्हाईक होता तो. पण रडणं घरच्यांचं काम. मी रडले असते तर तुला कुणी हसवलं असतं?"

"माझ्यात तेवढी ताकद नाही, एडविज."

"ताकद कुणी मागितली? काम कर म्हणतेय. मी शिकवते. आजपासून."

"एवढी घाई काय? गावात कुणी आजारी नाही."

"लोक काय तुला विचारून मरणार?" ती म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. उन्हातून आल्यामुळे धाप लागली असावी.

ठरवलं आहे. शिकायचं. एक माणूस माझ्यामुळे परक्यासारखा गेला, दुसरा जायचा नाही.

२६ नोव्हेंबर

चौथीला आपल्या देशाचा भूगोल सुरू केला. सहा शेजारी, समुद्र नाही. उत्तरेला वाळू, दक्षिणेला झाडी. नद्यांत आपली मूहून तेवढी वर्षभर वाहते. मग लोकसंख्या सांगितली, तर एडविजची नात नाडेज उभी राहिली. "बाई, त्यात माझे बाबा धरलेत का?" तिचा बाप एलिझे आयव्हरी कोस्टला, आबिदजानच्या बंदरात हमाली करतो. मी पुस्तक चाळलं, त्यात तसं काही नव्हतं.

संध्याकाळी एडविजला सांगितलं. ती म्हणाली, "त्यात काय अवघड? पहिल्या पावसाला मोजायचं. पेरणीला जो हजर तो आपला."

"मग तुझा लेक?"

"तो समुद्राचा." तिने मुलाने पाठवलेला फोटो काढला. एलिझे समुद्राकडे पाठ करून उभा, तोंडभर हसतोय. "एवढं पाणी, आणि घोटभर पिता येत नाही म्हणे. मग काय उपयोग? मीठ टाकलेलं तळंच की ते. तुंबाभर मी इथे करून देते."

"तुला न्यायचं म्हणतोय ना तो?"

"दरवर्षी म्हणतो. मी मेल्यावर नेईल."

दोलो प्यायला बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसले.

४ डिसेंबर

मला कुणाचीच नक्कल जमत नाही. मुख्याध्यापकांची केली तर एडविज म्हणाली, "ही तर नुसती उभी बाभूळ झाली." पाद्रीबाबांची केली तर तिने मान फिरवली.

"हे बघ. जे माणूस रोज डोळ्यांसमोर आहे त्याचं कर. माझं कर."

मग मी केलं. अलीकडे ती चालताना उजव्या बरगडीखाली हात दाबून धरते, जरा वाकते, आणि दर चार पावलांवर कुणाला तरी शिवी द्यायला थांबते. मी हात धरला, वाकले, थांबले, "ए गुलाम!" म्हणाले.

ती इतकी हसली की चुलाणाजवळच्या दगडावर बसली. डोळे पुसत म्हणाली, "हात जरा वर. कंबरेवर नाही, इथे. हं. आणि बोटं आत. आता थांबशील तेव्हा श्वास घे, मग शिवी दे."

"श्वास कशाला?"

"मी घेते म्हणून. नक्कल करायची तर पुरी कर."

पाच-सहा वेळा करून घेतलं. शेवटच्या वेळी ती हसली नाही, नुसती बघत राहिली. "जमलं," म्हणाली. आयुष्यात प्रथमच कुणाची तरी हुबेहूब नक्कल केली. फार आनंदात आहे.

१२ डिसेंबर

उत्तरेचा वारा सुरू झाला. सगळं धुळीचं. फळा पुसून काही फरक पडत नाही.

एडविजने तीन मडक्यांपैकी एकच चढवलं आहे. विचारलं तर म्हणते सरपण लांबून आणावं लागतं. सरपण गेल्या वर्षीही लांबूनच यायचं. कंजूष होत चालली आहे.

२९ डिसेंबर

नाताळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी गिरणीवाल्याची आई गेली.

मी म्हातारीचं हिरवं लुगडं गुंडाळलं, टोपी उलटी. म्हातारी बाजारात गिनी कोंबडी घेताना तिची पिसं फुंकून बघायची, मग नाक मुरडून निघून जायची, मग परत यायची. मी गिरणीवाल्याकडे गेले. त्याच्या डोक्यावरचे केस फुंकले. नाक मुरडलं. निघून गेले. परत आले.

आधी एक पोरगी खुदकन हसली. मग सगळं अंगण.

मी खड्ड्याच्या कडेला जाऊन बसले. "हिला मी अशी नाही सोडणार! ही माझी गुलाम होती, पळून चालली आहे!" मी म्हणाले. खरंच मोठ्याने म्हणाले. त्यांनी मला एक कोंबडी दिली, मी तिची पिसं फुंकली, परत दिली, दुसरी मागितली. गिरणीवाला रडत होता आणि हसत होता.

एडविज आली नव्हती. एवढं शिकवलं आणि बघायलाच आली नाही. राग आला. कोंबडी घेऊन तिच्याकडे गेले तर चटईवर पडली होती, भर दुपारी. मला सगळं उभं राहून करून दाखवायला लावलं, दोनदा. कोंबडी मात्र नको म्हणाली. "तळलेलं हल्ली जात नाही मला."

१९ जानेवारी

चुलीच्या धुराने एडविजचे डोळे पिवळे झालेत. डोळ्यांत घालायचे थेंब दिले.

तिने मला तिचा निळा, माशांच्या छापाचा कपडा दिला, सणाला नेसायची तो. "घट्ट होतो," म्हणाली. माझ्यासमोर एकदा गुंडाळून दाखवला. मला तर तो तिला चांगला दीड वेढा बसताना दिसला. पण तिच्याशी कोण वाद घालणार.

६ फेब्रुवारी

दवाखान्यातली नर्स शाळेत आली. "बाई, तुम्ही तिच्या जवळच्या. तुम्ही तरी तिला मोठ्या इस्पितळात न्या. मी पावसाळ्यापासून सांगतेय. यकृत सुजलंय तिचं."

पावसाळ्यापासून.

मी वर्ग तसाच सोडून गेले. कुंपणावरूनच ओरडले. गुलाम म्हटलं नाही, कुत्रेखाऊ म्हटलं नाही, तिचं पूर्ण नाव घेतलं. "एडविज तोए! उद्याच्या गाडीने आपण वागाला, राजधानीच्या इस्पितळात जातोय."

"नाव घेतलंस? मग फारच झालं म्हणायचं."

"गप्प बस."

"वाटेत बसायला काही मऊ घे. माझी हाडं लागतात."

मुख्याध्यापक रजा देईनात. मी न घेता निघते आहे.

१२ फेब्रुवारी, वागादुगू

डॉक्टर माझ्याशी फ्रेंचमध्ये बोलला. तिला फ्रेंच येत नाही, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "सांगू नकोस. तुझं तोंड त्या पहिल्या मयताच्या दिवशी होतं तसं झालंय."

एलिझेला तार केली. मग तिला भाजलेली कच्ची केळी हवी झाली. दोन घास खाल्ले, उरलेली रस्त्यावरच्या पोराला दिली. मोठा रस्ता, मोपेडी, माणसं बघत बसली. "किती गं माणसं. ही सगळी पेरणीला कुठे असतात?"

तिला इतके महिने माहीत होतं. मला का सांगितलं नाही, ते अजून कळत नाही. सांगितलं असतं तर मी तिला वेळेवर आणलं असतं. आणि ती मात्र मला कोंबडीची पिसं फुंकायला शिकवत बसली.

२४ फेब्रुवारी

एलिझे आला. रेल्वेने, मग ट्रकने, मग गाढवाच्या गाडीत. आईच्या पायाशी बसून राहतो. नाडेज त्याला नवखा पाहुणा असल्यासारखी लांबून बघते.

आज तो पाणी आणायला गेला तेव्हा एडविजने मला जवळ बोलावलं.

"तो हात विसरू नकोस."

कुठला हात ते मला लगेच कळलं. मी म्हणाले, "तो मी करणार नाही. दुसरं काहीही करेन. तुझ्या शिव्या करेन, दोलो चाखताना तू डोळा मिटतेस ते करेन. तो हात नाही."

"का?"

"तुला दुखत होतं, एडविज. आणि मी हसत होते."

"मग? मीपण हसत होते." तिने श्वास घेतला, चार पावलं चालल्यावर घ्यायची तसा. "पावसाळ्यापासून लोकांनी मला अशीच पाहिलीय. तो हात नाही केलास तर त्यांना मी ओळखू कशी येणार?"

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"आणि माझ्या पोराला हसव. तो रडत नाही, बघितलंस ना? जो हसत नाही त्याला रडूपण येत नाही."

"तुझ्या पोराला मी काय हसवणार? माझ्या वर्गात होता तेव्हाही हसायचा नाही."

"ते तुझं तू बघ. गुलाम कशाला पाळलाय मी?"

५ मार्च

एडविज गेली. पहाटे, कोंबडे आरवायच्या सुमारास. निळा कपडा काढून ठेवला आहे. टोपी शिवून घेतली नाही, उसवलेलीच बरी.

आज रडायचं नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे झालं.

६ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

ऊन तापलं होतं. अंगण भरलेलं, आंब्याखाली म्हातारे, भिंतीला लागून बायका. मी निळा माशांचा कपडा नेसून, टोपी उलटी घालून फाटकात उभी राहिले. मग मी हात धरला. उजव्या बरगडीखाली, बोटं आत. वाकले. चार पावलं. थांबले. श्वास घेतला.

"ए गुलामांनो! माझ्या मयताला आलात आणि रिकाम्या हातांनी?"

ड्राबो आजोबांची बायको किंचाळली, "तीच! तीच ती!" आणि बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. हसत की रडत, ते त्यांनाच ठाऊक. मी चुलाणाकडे गेले, थंड मडक्यात लाकूड फिरवलं, चाखलं, डोळा मिटला. प्रत्येक चार पावलांवर थांबले. तिथे तिथे तिला किती दुखलं असेल ते माझ्या हाताला आज समजत होतं, पण मी थांबले आणि शिवी दिली, थांबले आणि शिवी दिली.

एलिझे हसला नाही. खड्ड्याजवळ खांबासारखा उभा.

मी जाऊन खड्ड्यात उतरले. खाली बसले. पाय पसरले. माती गार होती.

"नाही सोडणार! माझी गुलाम आहे ही. खंडणी टाका."

कोंबडी आली. नको म्हटलं. दोलोचं मडकं आलं. नको. बकरी आणू का, विचारलं. नको.

"मग हवंय काय बाईंना?" ड्राबो आजोबा काठी आपटत म्हणाले. "कुत्र्याचं डोकं?"

"ते तुम्हीच खाऊन संपवलंत. मला याच्याकडून हवंय." मी एलिझेकडे बोट केलं. "हा हिला दरवर्षी समुद्र दाखवणार होता. आण. इथे आण, या खड्ड्यापाशी. समुद्र आणल्याशिवाय मी उठणार नाही."

मला वाटलं, चुकलं. फार खोल लागलं. एलिझेचा चेहरा दगडासारखा झाला होता. मग तो वळला आणि घरात निघून गेला.

मी खड्ड्यात, वर सगळं गाव, आणि पोराला मी आईच्या मयतातून हाकलून लावलं. वर चढून पळून जावंसं वाटलं. बसून राहिले.

तो बाहेर आला. हातात त्याच्या आईचा दोलो वाढायचा तुंबा, पाण्याने अर्धा भरलेला. दुसऱ्या हाताची मूठ बंद. कडेला गुडघे टेकून बसला, मूठ उघडली, तुंब्यात मीठ टाकलं, बोटाने ढवळलं.

"घे," म्हणाला. आवाज फाटला. "आई म्हणायची, हाच तो. ही घे, लाट पण घे." आणि तुंबा हलवून त्याने माझ्या तोंडावर पाणी उडवलं.

एका माणसाच्या हसण्याने एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं. त्याच्या मागून सगळे. हसता हसता तो पुढे कोसळला, कपाळ मातीला लागलं, आणि मग तो रडला. मोठ्याने, लहान पोरासारखा. बायका त्याच्याकडे धावल्या.

माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तोंड आधीच ओलं होतं. मी तुंबा दोन्ही हातांनी धरला आणि खालचं मीठसुद्धा ठेवलं नाही, सगळं प्यायले.

मग उठले. "फसवलंत, सामोंनो," म्हणाले. "पण चालेल. न्या तिला."

१८ मार्च

पोटाचं बरं आहे आता. दोन दिवस बिघडलं होतं.

एलिझे पेरणी होईपर्यंत राहतोय. एक मडकं चढवलं आहे. दोलो आंबट झाला, तरी लोक पितात.

शाळेत भूगोलाची उजळणी घेतली. शेजारी देश झाले, नद्या झाल्या. "आपल्या देशाला समुद्र आहे का?"

"नाही, बाई," सगळा वर्ग.

नाडेज उभी राहिली. "होता, बाई. तुम्ही पिऊन टाकलात."

वर्ग हसला. मी हसणं संपू दिलं. "मग काय करणार? तुम्ही सामोंनी अर्धा तुंबाच दिलात."

ती खाली बसता बसता शेजारणीला म्हणाली, हळूच, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात, "गुलामाला तेवढा पुरे."

तिला उभं करून दम द्यायला हवा होता. मी खडू घेतला आणि फळ्याकडे तोंड केलं.